अमेरिकेतल्या रेसवर, म्हणजे वंशाच्या प्रश्नावर, वाद घालायचाय? आधी साल विचारा

न्यू जर्सीत दर थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे दहा-बारा जण जमतात आणि जेवणं आटपत आली की कुणीतरी रेसचा विषय काढतोच, मग डेमोक्रॅट-रिपब्लिकन सुरू होतं आणि तासाभरात दोन जण एकमेकांशी बोलेनासे होतात. हा विषय मला खरंच महत्त्वाचा वाटतो, कारण आपली मुलं याच देशात वाढतायत. म्हणून मी काय करतो ते लिहितो.

समोरच्याने मोठं विधान फेकलं की पहिलं विचारायचं, कुठल्या सालचं बोलतोयस? माझा मेव्हणा दरवेळी म्हणतो, डेमोक्रॅट हाच गुलामीवाल्यांचा पक्ष, गुलामी संपवणारा लिंकन रिपब्लिकन होता. यात खरं आहे तेवढं लगेच कबूल करा, लिंकन रिपब्लिकनच होता आणि दक्षिणेत काळ्यांना मतदानापासून लांब ठेवणारे डेमोक्रॅटच होते. मग 1964 च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टवर या, म्हणजे वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, 73 विरुद्ध 27 मतांनी तो पास झाला, रिपब्लिकनांची 27 मतं बाजूने 6 विरोधात, डेमोक्रॅटांची 46 बाजूने 21 विरोधात. मेव्हणा इथे खूश होतो, पण थांबा, हेच आकडे प्रदेशानुसार लावा. जुन्या कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामीसाठी देशातून फुटलेल्या दक्षिणेतल्या, 11 राज्यांचे 22 सिनेटर, त्यातला फक्त एक बाजूने, टेक्ससचा राल्फ यारबरो, आणि तो डेमोक्रॅट! म्हणजे खरी फूट उत्तर-दक्षिण होती. त्याच वर्षी त्या कायद्याविरुद्ध मत दिलेला बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकनांतर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि जिंकला फक्त सहा राज्यं, स्वतःचं अ‍ॅरिझोना आणि दक्षिणेतली पाच.

पण दुसऱ्या बाजूचे लोकही सोपं करून सांगतात, की 1964 ला पक्षांनी एका रात्रीत जागा बदलल्या. तसं नाही. ब्लॅक मतदार 1936 लाच मोठ्या संख्येने डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे वळले होते, आणि हाऊसच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, दक्षिणेतल्या जागांमध्ये रिपब्लिकनांना बहुमत मिळालं ते थेट 1994 ला. तुमच्या बाजूचा माणूस चुकत असला तरी तिथल्या तिथे सांगा, त्याने समोरच्याचा विश्वास बसतो, मी अनुभवलंय.

दुसरं म्हणजे 'मायनॉरिटीचं हित' असं सरसकट बोलूच नका. कुणाचं, कुठलं, ते सांगा. टेक्ससची स्टार काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) जवळपास सगळी हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांची, ती 2024 ला रिपब्लिकनांकडे गेली, 1892 नंतर पहिल्यांदा. कॅलिफोर्नियात 2020 ला डेमोक्रॅट बायडेन दणक्यात जिंकले आणि त्याच मतपत्रिकेवर अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन (प्रवेशात आणि सरकारी नोकरीत वंश बघून झुकतं माप) परत आणायचा प्रस्ताव लोकांनी पाडला.

आणि आपल्या लोकांचं लाडकं वाक्य, आम्ही मेहनतीने वर आलो मग त्यांना काय अडचण? इथे चिडू नका, शांतपणे 1965 चा, आशियातल्या लोकांना दार उघडणारा इमिग्रेशन कायदा काढा. आपल्यातले बरेच जण शिक्षण आणि नोकरी बघून निवडून आत आलेत, आणि तो कायदा झाला सिव्हिल राइट्सच्या चळवळीने देश हलवला होता तेव्हा, त्याआधी 1923 ला सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांना गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. उलट ब्लॅक वस्त्या सरकारी नकाशांवर लाल रंगवून तिथे घराला कर्ज मिळू दिलं नाही. घर नाही म्हणजे मुलांसाठी मागे ठेवायला काही नाही, हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

सगळ्यात अवघड भाग मतदारसंघांचा. 2019 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघांच्या सीमांचा नकाशा वाकवला तर फेडरल (केंद्राचं) कोर्ट त्यात पडणार नाही. रेसवरून वाकवला तर मात्र खटला चालतो. आता जिथे दहातले नऊ ब्लॅक मतदार एकाच पक्षाला मत देतात तिथे नकाशा काढणारा सहज म्हणतो, आम्ही काळे नाही बघितले, डेमोक्रॅट बघितले. दक्षिणेतल्या अलाबामा राज्याचा जुना नकाशा फोनवर उघडून दाखवा, ब्लॅक लोक चौथ्या हिश्शापेक्षा जास्त आणि हाऊसच्या सातपैकी एकाच जागेवर त्यांचा जोर होता, 2023 ला कोर्टाने तो नकाशा नाकारला आणि 2024 ला नव्या नकाशात आणखी एका जागेवरून ब्लॅक डेमोक्रॅट शोमारी फिगर्स निवडून आले. नकाशा समोर असला की माणसं ओरडत नाहीत, बोट ठेवून बोलतात.

शब्द सांभाळा, घरात मराठीत आहे म्हणून 'कल्लू' चालत नाही, मुलं ऐकत असतात. आणि टेबलावर ब्लॅक मित्र असेल तर 'तुमच्या लोकांचं काय म्हणणं' असं त्याला विचारू नका, त्याच्या गावात मतदानाची रांग किती लांब असते ते विचारा आणि तो सांगेपर्यंत मध्ये बोलू नका.