यूकेत नवीन आलात? ब्रॉडबँड घेताना अपलोडचा आकडा आधी बघा

पुण्यामुंबईत जिओ नाहीतर एअरटेलचं फायबर वापरून आलेल्या मंडळींना इथे एक झटका हमखास बसतो. तिकडे १०० एमबीपीएसचा (हा नेटचा वेग) प्लॅन म्हणजे डाउनलोड १०० आणि अपलोड पण १००, त्यामुळे अपलोडचा आकडा वेगळा बघायचा असतो हे आपल्या डोक्यातच येत नाही. इथे जाहिरातीत मोठ्ठं १५० दिसतं, आपण खुश होऊन ऑर्डर करतो आणि मग ऑफिसची एखादी जड फाइल चढवायला घेतली की कळतं अपलोड जेमतेम ३० आहे. फसवलं असं नाही म्हणता येणार, कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं, पण ते बारीक अक्षरातलं वाचतो कोण.

इथला निम्म्याहून जास्त गोंधळ कळतो तो ओपनरीच, म्हणजे रस्त्यातून घरापर्यंत लाइन टाकणारी कंपनी, कळली की. बीटी, स्काय, ईई, टॉकटॉक अशी नेट विकणाऱ्यांची नावं वेगवेगळी असली तरी बऱ्याच घरांत लाइन ओपनरीचचीच असते. त्यांच्या फुल फायबरचे (म्हणजे थेट घरापर्यंत फायबर) डाउनलोड/अपलोडचे नेहमीचे जोड म्हणजे ८०/२०, १६०/३०, ५५०/७५, १०००/११५, म्हणजे गिगाबिट घेतलंत तरी अपलोड शंभराच्या आसपासच. एक फायबर ३० - ३२ घरांत वाटली जाते आणि त्या तंत्रातच मुळात डाउनलोडला २.४ गिगाबिट आणि अपलोडला १.२ अशी विभागणी आहे, हे एक कारण झालं. पण तेवढ्याने ११५ चं समर्थन होत नाही, माझं तर मत आहे की सिमेट्रिक स्पीड (डाउनलोड आणि अपलोड सारखंच) सगळ्यांना घरीच मिळाला तर धंद्याच्या महागड्या लाइनी घेणार कोण, हा पण हिशोब त्यात असणार.

आणि ज्या रस्त्यावर फुल फायबर आलेलंच नाही तिथे कोपऱ्यावरच्या हिरव्या कॅबिनेटपर्यंत फायबर आणि पुढे घरापर्यंत तांब्याची तार, तिथे कितीही पैसे टाका, सहसा ८०/२० च्या वर मिळत नाही. पूर्वी यालाही बिनधास्त फायबर म्हणून विकायचे, सप्टेंबर २०२४ पासून ऑफकॉमने (इथली ट्रायसारखी नियामक संस्था) ते थांबवायला सांगितलंय, तरी विचारून घ्या की घरापर्यंत काय येतं. व्हर्जिन मीडियाचं बरंचसं जुनं नेटवर्क केबलचं आहे, तिथे पण डाउनलोड गिगाबिटच्या वर आणि अपलोड साधारण शंभर.

सिमेट्रिक हवं तर मुख्यतः ऑल्टनेट बघायचे, म्हणजे स्वतःच्या फायबर टाकणाऱ्या नव्या कंपन्या. लंडनमध्ये कम्युनिटी फायबर, मोठ्या फ्लॅटच्या बिल्डिंगांत हायपरऑप्टिक, बाकी बऱ्याच शहरांत सिटीफायबर. गंमत म्हणजे व्होडाफोन आणि झेन या कंपन्या ओपनरीच आणि सिटीफायबर अशा दोन्ही नेटवर्कवर विकतात, त्यामुळे त्याच कंपनीचा ९०० चा प्लॅन एका घरात ९००/९०० आणि दुसऱ्या पोस्टकोडला ९००/११० असू शकतो. म्हणून मित्राने सांगितलं म्हणून घेतलं असं करू नका, स्वतःचा पूर्ण पत्ता टाकून बघा, नुसता पोस्टकोड पण पुरत नाही कधीकधी.

आता खरा प्रश्न, तुम्हाला सिमेट्रिक लागतं का? खरं सांगायचं तर बऱ्याच घरांना नाही लागत. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला अपलोड ३-४ एमबीपीएस पुरतं, नेटफ्लिक्स आणि यूट्यूब सगळं डाउनलोडवर चालतं, गेमिंगला पण अपलोड फार नको असतं. अडचण येते ती दोघं घरून काम करत असतील, दोनतीन कॅमेरे लावले असतील आणि त्यात फोनचा फोटो बॅकअप सुरू झाला की. गणपतीचे व्हिडिओ, बारशाचे फोटो मिळून १०० जीबी धरा, २० च्या अपलोडवर ते चढायला ११ तासांच्या वर लागतात, १०० वर सव्वादोन तास आणि ९०० वर पंधरा मिनिटं. आणि अपलोड पूर्ण भरलं की नुसता बॅकअप हळू होत नाही, सगळंच अडकतं, कारण डाउनलोडला सुद्धा 'मिळालं, पुढचं पाठव' असे छोटे निरोप सतत उलटे पाठवावे लागतात आणि तेच रांगेत उभे राहतात.

घरच्या घरी ओळखायची एक युक्ती सांगते. आईला व्हिडिओ कॉल लावलाय, आई तुम्हाला स्वच्छ दिसतेय, मागच्या कुकरची शिट्टी पण ऐकू येतेय, आणि तीच म्हणतेय "अगं तू हलत नाहीयेस, आवाज पण तुटतोय", तर बहुतेक तुमचंच अपलोड भरलंय. लगेच प्लॅन बदलायला धावू नका, आधी बॅकअप रात्री चालेल असं करा, आणि लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड टेस्ट घ्या. इथल्या जुन्या घरांत आतल्या भिंती पण विटांच्या असतात, राउटर पुढच्या खोलीत आणि तुम्ही मागच्या बेडरूममध्ये, मग दोष वायफायचा आणि शिव्या प्लॅनला.

भारताशी कॉल करताना जो किंचित उशीर जाणवतो तो मात्र सिमेट्रिकने जाणार नाही, लंडन ते मुंबई सरळ रेषेतच सात हजार किलोमीटरच्या वर आहे, फायबरमधून जाऊन येऊनच ७० मिलिसेकंद लागतात आणि केबल काही सरळ जात नाहीत.

माझा सल्ला विचाराल तर, पत्त्यावर ऑल्टनेट असेल आणि किंमत तेवढीच किंवा कमी असेल (बऱ्याचदा असते) तर १५०/१५० सारखा छोटा सिमेट्रिक प्लॅन घ्या, तो १०००/११५ पेक्षा जास्त कामाला येतो. फक्त दोन गोष्टी विचारा. एक म्हणजे पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा तुमच्या घराचा पत्ता) वेगळा मिळतो का, कारण बऱ्याच ऑल्टनेट एकच आयपी अनेक घरांत वाटतात. ऑफिसचं व्हीपीएन सहसा चालतं पण घरातलं स्टोरेज बाहेरून उघडायचं असेल तर अडतं, मग महिन्याला थोडे पाउंड जास्त देऊन स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा स्वतःचा आयपी घ्यावा लागतो. दुसरं, भिंतीला भोक पाडावं लागणार का, कारण भाड्याच्या घरात त्याला घरमालकाची लेखी परवानगी लागते, एजंट लवकर उत्तर देत नाहीत, तेव्हा चावी मिळायच्या आधीच ईमेल टाकून ठेवा.

नवीन आलेल्यांची क्रेडिट हिस्टरी नसते, त्यामुळे एखादी कंपनी नकार देते किंवा डिपॉझिट मागते, मनाला लावून न घेता दुसरीकडे अर्ज करा. घर पक्कं नसेल तर २४ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकू नका, महिन्याचा रोलिंग प्लॅन महाग पडतो पण मधेच सोडायचा दंड त्याहून महाग. ऑनलाइन घेतलंत तर १४ दिवसांत रद्द करता येतं. कंपनी बदलताना सप्टेंबर २०२४ पासून नवी कंपनीच जुनीला कळवते, तुम्ही फोन करायची गरज नाही, पण देश सोडताना किंवा आधीच नेट असलेल्या घरात जाताना स्वतः नोटीस द्यावी लागते, आणि राउटर परत पाठवल्याची पोस्टाची पावती जपून ठेवा, नाहीतर त्याचे पैसे शेवटच्या बिलात लागून येतात.