योगायोग, शकुन आणि आतला आवाज : किती मानावे, कसे तपासावे

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण सहज म्हणतो. संस्कृत परंपरेत हाच विचार ‘काकतालीय न्याय’ या नावाने येतो. तिथे फांदीऐवजी ताडाचे फळ पडते, एवढाच फरक. दोन गोष्टी एका क्षणी घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही, ही जाण आपल्या भाषेत जुनी आहे. तरीही आजारी मामांच्या आठवणीने रात्री झोप मोडते आणि पहाटे नेमका त्यांच्या घरून फोन येतो, तेव्हा ही म्हण कोणाच्या मदतीला येत नाही. असा अनुभव थोतांड म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही, आणि त्याच्या आधारे पुढचे निर्णय घेणे तर मुळीच पटत नाही. या दोहोंच्या मधली वाट कशी चालावी, याविषयी हे लेखन आहे.

सुरुवात वर्गवारीने करावी. योगायोग, शकुन आणि आतला आवाज या तिन्हींना आपण ‘संकेत’ या एकाच नावाखाली घालतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो, कारण प्रत्येकाला विचारायचा प्रश्न निराळा आहे.

योगायोगाला विचारावे : हे घडण्याची संधी किती जणांना आणि किती वेळा मिळाली होती? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. समजा, एखाद्याच्या बाबतीत वर्षभरात ‘रात्री आठवण आणि पहाटे निधनाची बातमी’ असा मेळ जुळण्याची शक्यता लाखात एक इतकीच आहे. तरी या हिशेबाने राज्यात वर्षाला अकराशेहून अधिक, म्हणजे रोज सरासरी तीन जणांना तो अनुभव येईल, आणि त्या तिघांपैकी प्रत्येकाला तो केवळ आपल्यासाठीच घडला असे अगदी प्रामाणिकपणे वाटेल. जुळण्याच्या जागा किती आहेत, याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो. एका खोलीत २३ माणसे असली की त्यांतील कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते, कारण २३ जणांच्या २५३ जोड्या होतात आणि आपण मनात मात्र फक्त स्वतःच्या जोड्या मोजत असतो.

कागदावर चार घरे आखून पाहावीत : आठवण आली आणि फोन आला; आठवण आली, फोन आला नाही; आठवण नव्हती, तरी फोन आला; दोन्ही नाही. स्मरणात फक्त पहिले घर राहते. उरलेली तीन घरे अंदाजाने का होईना भरली, की अनुभवाची तीव्रता तशीच राहते, पण त्यावर उभा केलेला निष्कर्ष बहुधा ढासळतो. योगायोगाने कोणाची आठवण करून दिली असेल, तर त्या व्यक्तीला जरूर फोन करावा. एवढ्या उपयोगाला कोणताही पुरावा लागत नाही.

शकुनाचा प्रश्न वेगळा आहे : या खुणेचा आणि त्या घटनेचा संबंध जोडणारी काही वाट दिसते का? पावशा पक्ष्याच्या हाकेत शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ असे ऐकू येते. हा पक्षी विणीच्या हंगामात, पावसाळ्याच्या तोंडावर जोरात ओरडतो, म्हणजे खूण आणि ऋतू यांच्यात खरेच नाते आहे. पण तो हंगाम जवळ आल्याचे सांगतो. यंदा आपल्या शिवारात ओल किती खोल गेली, हे त्याला माहीत नसते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देतो, आणि नुसत्या हाकेवर वा पहिल्या सरीवर विसंबणाऱ्याला दुबार पेरणीचा खर्च सोसावा लागतो. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण त्यात शकुन खोटा ठरत नाही, त्याची हद्द ठरते. खूण ऐकावी, तिच्यामुळे जागे व्हावे, आणि निर्णय मोजमापावर घ्यावा. मांजर आडवे जाणे किंवा डोळा लवणे यांच्या बाबतीत अशी जोडणारी वाटच नाही, तेव्हा तिथे थांबण्याचे कारणही नाही.

एखादी खूण चालते की नाही, हे तपासताही येते. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांना जन्मपत्रिका देऊन त्या हुशार मुलांच्या आहेत की मतिमंद मुलांच्या, हे ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि ती सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून ५० टक्क्यांच्या आसपास बरोबर यायची. घरातल्या कोणत्याही ठाम समजुतीला हीच कसोटी लावता येईल : उत्तर कळण्याआधी भाकीत लिहून ठेवावे आणि निव्वळ नशिबाने किती जुळले असते, त्याच्याशी ताडून पाहावे.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची रीत आहे. मूर्तीला लावलेल्या कळ्या वा पाकळ्या उजवीकडून पडतात की डावीकडून, यावरून होकार-नकार ठरतो. दोन्ही पर्याय सारखेच बरे असतील आणि घर त्यांत अडकून पडले असेल, तर कौलाने कोंडी फुटते आणि कोणाचा कमीपणाही होत नाही. मात्र शस्त्रक्रिया करावी की नाही, याचा कौल लावू नये. जिथे माहिती मिळवता येते, तिथे ती मिळवायलाच हवी.

आता आतला आवाज. माझ्या मते तिघांत हाच सर्वांत मोलाचा आणि सर्वांत फसवाही. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील एका अग्निशमन अधिकाऱ्याची हकिगत नोंदवली आहे. घरात स्वयंपाकघराची आग विझवत असताना त्याला अचानक अस्वस्थ वाटले आणि त्याने सहकाऱ्यांना तत्काळ बाहेर काढले. पाठोपाठ ते उभे होते ती जमीन कोसळली. खरी आग खाली तळघरात होती. आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे, असे तो अधिकारी मानत होता. बारकाईने विचारल्यावर कळले, की पाण्याला आग दाद देत नव्हती, खोली अपेक्षेपेक्षा फार तापली होती आणि आवाज मात्र विलक्षण कमी होता. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने हा विसंगत मेळ हेरला होता. शब्द तेवढे मागाहून आले.

याच क्लाइन यांनी २००९ मध्ये डॅनियल काहनेमान यांच्यासोबत एक लेख लिहिला. काहनेमान हे अंतःप्रेरणेच्या चुका दाखवणारे अभ्यासक, तर क्लाइन तिचे बलस्थान दाखवणारे. तरी दोघांचे दोन अटींवर एकमत झाले. त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर की चूक, हे वारंवार कळत शिकण्याची संधी मिळालेली हवी. या अटी स्वतःला लावून पाहाव्यात. रुग्ण आज ‘वेगळा दिसतो’ असे अनुभवी परिचारिका म्हणते, तेव्हा ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. एखादा शेअर उद्या वधारेल, असे मन सांगते, तेव्हा त्या मनाचे असे शिक्षण कधी झालेलेच नसते. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात अर्ध्या तासात ‘मन ग्वाही देते’, त्यातून आवड-नावड कळते, पण स्वभाव कळत नाही. त्यासाठी पुन्हा भेटावे, बोलावे, चौकशी करावी. रामानुजन आपल्या सूत्रांचे श्रेय नामगिरी देवीला देत असत, आणि त्यांच्याइतकी अंतर्दृष्टी क्वचितच कोणाला लाभली असेल. तरीही १९१३ मध्ये त्यांनी इंग्लिश गणितज्ञ हार्डी यांना कळवलेले मूळ संख्यांविषयीचे काही दावे तपासणीत चुकीचे निघाले.

भीती आतल्या आवाजाचे सोंग घेऊन येते, हेही लक्षात ठेवावे. मन चिंती ते वैरी न चिंती. समोर काही बदललेले नसताना तेच ते संकट पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर ती बहुतेक काळजी असते. याला एक अपवाद मी आग्रहाने सांगेन. निर्जन रस्त्यावर, लिफ्टमध्ये किंवा वाहनात एखाद्या माणसाविषयी धोका जाणवला, तर पुरावा शोधत बसू नये. सरळ तिथून निघावे. अंदाज चुकला तर पाच मिनिटे वाया जातात, आणि खरा असेल तर फार मोठे काही वाचते.

या साऱ्यासाठी एक साधी वही पुरे. संकेत जाणवताच तारीख, वेळ, नेमके काय होईल असे वाटते आणि ते कोणत्या मुदतीत, एवढे लिहावे. ‘काहीतरी वाईट होणार’ अशी नोंद चालणार नाही, कारण ती कधीच खोटी ठरत नाही. सहा महिन्यांनी वही उघडावी. आपला अंदाज कोणत्या विषयात चालतो आणि कोणत्या विषयात चालत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दुसरे कोणी सांगू शकत नाही.

एका ठिकाणी मात्र समतोलाची भाषा मला अपुरी वाटते. लग्नानंतर काही महिन्यांत सासरी मृत्यू झाला, की सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात. विधवा समोर आली तर अपशकुन मानतात. इथे योगायोगाची शिक्षा एका जिवंत माणसाला आयुष्यभर भोगावी लागते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तोच मार्ग घेण्यास सांगितले. संकेताचा अर्थ लावताना दोष दुसऱ्या माणसावर जात असेल, तर तो अर्थ तिथल्या तिथे सोडून द्यावा, आणि घरात कोणी तसे बोलले तर गप्प बसू नये.

गाड्यांचे क्रमांक, बातम्या, अनोळखी लोकांचे बोलणे, सारे काही आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटू लागले, झोप उडाली, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक याचसाठी आहे.

दुःखात असलेल्या माणसापुढे यातले कोणतेही गणित मांडू नये. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा घरचे लोक हात जोडून, ‘धाकटीचे शिक्षण आम्ही पूर्ण करू’, ‘आईला अंतर देणार नाही’, असे मोठ्याने सांगतात. कावळ्याला ते कळते की नाही, हा त्या घाटावरचा प्रश्नच नाही. चार माणसांदेखत दिलेला तो शब्द पुढे पाळला जातो की नाही, हा आहे. आणि ऊन चढले तरी कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववतात आणि सगळे घरी परततात.