ताणलं तर टिकलं, ठोकलं तर फुटलं : पाइप वेल्डिंगमधलं माझं पहिलं कूपन

मेटलर्जीचा डिप्लोमा करून पाइप फॅब्रिकेशनमध्ये क्वालिटीला लागलो तेव्हा डोक्यात एकच, जॉइंट तुटला नाही की झालं. एक्स-५२ ग्रेडच्या स्टील पाइपचं पहिलं टेस्ट कूपन, म्हणजे चाचणीसाठी वेल्ड केलेला नमुना, टेन्साइलला, म्हणजे ताणून तोडायच्या चाचणीला, वेल्ड तसाच आणि पाइपच तुटला, मी खूश होऊन सगळ्यांना चहा सांगितला. दोन दिवसांनी चार्पीचा, म्हणजे थंड तुकडा हातोड्याच्या एका फटक्यात तोडून तो किती ऊर्जा झेलतो हे बघणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट आला. उणे २० डिग्रीला सरासरी २७ ज्यूल हवे होते, वेल्ड मेटल पास, पण हॅझमध्ये, म्हणजे वेल्डच्या शेजारची न वितळलेली पण तापून निघालेली पट्टी असते ना तिथे, ४१, १९ आणि १४! तुकडे हातात घेतले तर फुटलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकत होती. चिवट स्टील असं फुटत नाही, ते मळकट दिसतं, ओढून फाडल्यासारखं.

मी शहाणपणा केला की जास्त ताकदीचा वेल्डिंग रॉड वापरूया. साहेब हसले, अरे वेल्ड तर पास आहे, दुखणं शेजारी आहे.

दुखणं हीट इनपुटचं, म्हणजे वेल्डच्या दर मिलिमीटरला किती उष्णता ओतली त्याचं होतं. वेल्डर काका रॉड डावी-उजवीकडे झुलवत एकेक रुंद पास, म्हणजे वेल्डचा एकेक थर, भरत होते, दिसायला झकास, पण तेवढा वेळ शेजारचं स्टील तापत राहतं, ग्रेन, म्हणजे स्टीलमधले स्फटिकांचे कण, मोठे होतात आणि चिवटपणा जातो. हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले मिनिटाला किती मिलिमीटर वेल्ड पुढे सरकला. आमचे २५ व्होल्ट, १४० अँपिअर आणि स्पीड फक्त ८०, म्हणजे मिलिमीटरला २६२५ ज्यूल. सरळ, बारीक पास मारले की स्पीड १५० वर गेला आणि आकडा १४०० वर आला. करंटला हातही लावला नाही.

म्हणून नवीन असाल तर स्टॉपवॉच घेऊन वेल्डरशेजारी उभे राहा, कारण व्होल्ट-अँपिअर सगळे लिहितात, स्पीड बरेचदा अंदाजे टाकलेला असतो. दोन पासांमध्ये टेम्परेचरही मोजा, आमच्याकडे २५० डिग्रीच्या वर असेल तर पुढचा पास नाही. बारीक पासांचा अजून एक फायदा, वरचा पास खालच्याला परत तापवून ग्रेन बारीक करतो. आणि ७०१८ प्रकारचे रॉड ओव्हनमधून थेट क्विव्हरमध्ये, म्हणजे रॉड गरम ठेवायच्या हातातल्या डब्यात, टेबलावर पसरून ठेवू नका, दमट हवेत ओलावा धरतात आणि मग हायड्रोजनच्या क्रॅकची वेगळीच कटकट.

दुसऱ्या कूपनला हॅझ ६२, ७१, ५५. फक्त चार पासांचे सात झाले म्हणून काका आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.