टेप, हुमण आणि इन्सुलिन

फोंड्यात डॉक्टरांनी माझ्या पोटावर बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध टेप धरली: ९६ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९०. शिवाय ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, १५०च्या वर, उपाशीपोटीची साखर १००च्या वर. रक्तदाब आणि चांगलं कोलेस्टेरॉल धरून पाच निकष. तीन जुळले की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह नि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या बिघाडांचा गट. पोटातली चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासं होतं.

मासे सोडले नाहीत, सोडायचे कशाला? बांगडा रव्यात तळण्याऐवजी तिरफळं घालून हुमणात, म्हणजे नारळाच्या आमटीत. उकडा भात निम्मा, उरलेल्या जागी तांबडी भाजी नि चवळी. बिअर बंद, दारूने ट्रायग्लिसराइड्स चढतात. जेवल्यावर लगेच चालतो, स्नायू साखर ओढून घेतात. पुढच्या तपासणीत दोन्ही आकडे उतरले. कंबर हट्टी, पण कमी होतेय.