जिप्सीचा आवाज कमी करायचाय? मृग लागण्याआधीची तयारी

बाबा माझ्या शेजारी बसले की कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवतात. ते यंत्र सगळेच आवाज मोठे करतं आणि आमच्या मारुती जिप्सीत मोठं करायला काही शिल्लक नसतं. पुणे ते महाड, वरंध घाटातून, सगळा रस्ता आम्ही दोघं गप्प. ते खिडकीबाहेर बघतात, मी समोर. या उन्हाळ्यात ते बदलायचं ठरवलं. त्यासाठी केलेली ही तयारी ज्यांच्याकडे जिप्सी आहे, किंवा तशीच चेसिसवर बसवलेली पाट्यांची, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची, गाडी आहे, त्यांच्याही कामी येईल म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अपेक्षा ठरवून घ्या. जिप्सी किंगचं इंजिन १३०० सीसीचं, पेट्रोलचं. गिअरिंग चढणीसाठी केलेलं, त्यामुळे ८० च्या वेगाला इंजिन बरंच वर फिरत असतं. पुढेमागे सरळ अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे. ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळी, मधे एक छोटा शाफ्ट. या बांधणीची सेडान होणार नाही. ६०-७० च्या वेगाला शेजारच्याशी ओरडल्याशिवाय बोलता यावं, एवढं ध्येय ठेवा. आवाज निम्मा झाला असं कानाला वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात आणि ३ डेसिबलचा फरक जेमतेम कळतो. म्हणून एकाच उपायावर सगळे पैसे लावू नका; इथून थोडे, तिथून थोडे असेच डेसिबल उतरतात.

काम एप्रिल-मेमध्ये काढा. गाडी पूर्ण कोरडी असते आणि दुपारच्या उन्हात पत्र्याला चिकटवायची ब्यूटिल रबराची शीट इतकी मऊ पडते की हीट गन लागत नाही. दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवा. मधला आठवडा सीटशिवाय गाडी उभी राहील अशी छपराखालची जागा बघून ठेवा.

पहिलं काम पाना हातात न घेता करायचं. रोजचाच एक सपाट रस्ता निवडा, टायरची हवा नेमकी भरा, काचा बंद करा आणि ४०, ६०, ८० अशा वेगांना फोनवरच्या आवाज मोजण्याच्या अ‍ॅपचा आकडा शेजारच्याला लिहायला सांगा. फोनचा आकडा प्रयोगशाळेचा नसतो, पण तोच फोन त्याच जागी धरला तर आधी आणि नंतरची तुलना होते. अ‍ॅपमधल्या ए आणि सी अशा दोन्ही मोजणी पद्धतींचे आकडे लिहून घ्या. ए मोजणीत खालच्या सुरातली घुमघुम लपून जाते आणि छाती दडपते ती तिच्यानेच. मग उतारावर, मागेपुढे कोणी नसताना, क्लच दाबून गाडी क्षणभर वाहू द्या. गाडी बंद करायची नाही, कारण स्टिअरिंग आणि ब्रेक लागतातच. आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर पडला तर तो इंजिनाचा. तसाच राहिला तर टायर, बेअरिंग किंवा शाफ्टचा. क्लच दाबला तरी वेगाबरोबर 'घूंऽऽ' येतच असेल तर ट्रान्स्फर केसकडे बघा.

आता खालची दुरुस्ती. शीट विकणारे हिच्याबद्दल बोलत नाहीत, पण माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. ट्रान्स्फर केस रबरी माउंटिंगवर लटकलेली असते. ती रबरं वर्षानुवर्षं तेल पिऊन फुगतात किंवा भेगाळतात, आणि मग गिअरचा प्रत्येक सूर चेसिसमधून सरळ सीटखाली येतो. तिन्ही एकदमच बदला. एक नवं आणि दोन जुनी ठेवली तर केस तिरकी बसते. इंजिनाची माउंटिंगं, सायलेन्सरची टांगणी रबरं, पाट्यांचे आणि शॅकलचे बुश, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हे सगळं गाडी लिफ्टवर असतानाच हाताने हलवून बघा. ट्रान्स्फर केस आणि गिअरबॉक्सचं तेल बदला. पुण्यात नाना पेठेत यातलं बरंचसं मिळतं. जुना भाग सोबत न्या, नाहीतर दोन फेऱ्या होतात. सायलेन्सरला कुठे बारीक भोक असेल तर ते आधी बुजवून घ्या. तिथून आवाज येतोच, आणि आत येणारा धूर त्याहून वाईट.

टायरचं थोडक्यात. मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीच्या टायरचे, मोठे ठोकळे डांबरावर गातात आणि झिजले की आणखी गातात. वर्षातले बहुतेक दिवस गाडी डांबरावर असेल तर ऑल टेरेन घ्या. बाबांना महाडला न्यायला मड टेरेन लागत नाहीत. ठोकळे एकाआड एक उंचसखल झिजले असतील तर नवे टायर घालण्याआधी शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि अलाइनमेंट बघा, नाहीतर नवेही तसेच होतील.

यानंतर फटी. दाराच्या क्षेत्रफळाचा अवघा १ टक्का भाग उघडा राहिला, तर बाकीचं दार कितीही जाड केलं तरी एकूण २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. म्हणून बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, आधी आणि शीट नंतर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथे रबर दबत नाहीये. रात्री अंगणात कोणाला तरी आत टॉर्च लावून बसवा आणि बाहेरून गाडीभोवती फिरा. जिथून उजेड येतो तिथूनच वारा आणि आवाज येतो. बीडिंग बदलण्याआधी बिजागऱ्या तपासा. मागच्या दारावर स्टेपनी टांगलेली असते, तिच्या वजनाने दार उतरतं, आणि उतरलेल्या दाराला नवं रबरही वाचवत नाही. गिअर आणि फोर-बाय-फोरच्या लिव्हरचे रबरी बूट बहुतेक जुन्या जिप्सींत फाटलेले असतात. त्या दोन भोकांतून गिअरबॉक्स जणू मांडीवर येऊन बसतो. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायरी आणि केबल जिथे येतात तिथली ग्रोमेट, म्हणजे भोकांतली रबरी कडी, हीही अशीच बघून घ्या.

आता आतलं सगळं काढायचं. बॅटरीची ऋण तार आधी सोडा. नव्या पिढीच्या गाड्यांत सीटखाली पिवळे प्लग दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना जाणकाराशिवाय हात लावू नका. मॅट उचलल्यावर खाली काय दिसेल त्याची मनाची तयारी ठेवा. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी या गाडीत जाड नमदा आणि डांबरी शीट बसवून घेतली होती. चार महिने गाडी छान शांत होती. मग एका पावसाळ्यात नमद्याने पाणी धरलं, आणि दसऱ्याला मॅट उचलली तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबला की चुरा होत होता. वेल्डिंग करून नवा तुकडा घालावा लागला. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: या गाडीत पाणी येणारच, ओढ्यातून, चिखलाच्या बुटांतून, दाराच्या खालून. आवाजासाठी जे घालाल ते पाणी धरणारं नको आणि तासाभरात उचलून वाळवता आलं पाहिजे.

त्यामुळे गंज खरवडून, प्रायमर मारून, तो पूर्ण वाळल्यावरच पुढे जा. गाडीच्या तळपत्र्यातल्या पाणी काढायच्या भोकांवर, त्यांच्या रबरी बुचांवर आणि दारांच्या तळाच्या फटींवर शीट येता कामा नये. काम सुरू करण्याआधी त्यांभोवती खडूने गोल काढा. दाराखालच्या पोकळ खोक्यांत फवारणीचा फुगणारा फोम भरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तिथे पाणी अडकलं की बाहेर यायला वाट उरत नाही.

शीट २ मिलिमीटरची, ब्यूटिलची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली घ्या. डांबरी स्वस्त पडते, पण मे महिन्यात तिला वास सुटतो आणि उभ्या पत्र्यावरून ती घसरते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि हातमोजे घाला, पापुद्र्याची कड ब्लेडसारखी कापते. छोट्या रोलरने दाबत चला, पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. या शीटचं काम पत्र्याची थरथर मारण्याचं आहे, आणि मोठ्या सपाट भागांच्या मधोमध पाव ते तृतीयांश जागा व्यापली तरी ते होतं. बोटाच्या पेराने ठोकून ऐका: 'टण्ण' येतं तिथे लावा, 'ठक्क' येतं तिथे सोडा.

थरथर मारणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. अडवायला वजन लागतं. पायाखाली आणि फायरवॉलला, आधी बंद पेशींचा फोम, जो पाणी पीत नाही, आणि त्यावर चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास वजनाचं व्हिनाइल अंथरा. हे दोन थर चिकटवायचे नाहीत, फक्त मापात कापून अंथरायचे. पावसाळ्यात गुंडाळून वाळत घालता येतात. अडीच चौरस मीटर धरले तर व्हिनाइलचे साडेबारा किलो झाले. सुमारे एक टनाच्या गाडीला ते चालतात, पण छतावर असं वजन चढवू नका. छत पत्र्याचं असो की फायबरचं, तिथे हलका फोम पुरे; उन्हालाही तो थोडा अडवतो. सायलेन्सर जिथून जातो त्या भागावर मात्र साधा फोम नको, उष्णता सोसणारंच अस्तर लावा.

सीट आणि बेल्टचे बोल्ट परत बसवताना त्यांच्या आणि पत्र्याच्या मधे शीटचा कपटाही राहू देऊ नका. मऊ थर दबत जातो आणि बोल्ट सैल पडतो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना, नसेल तर एवढ्या कामापुरता गॅरेजमधून मागून आणा.

उरलेलं पटापट. रिकामा रूफ रॅक काढून ठेवा, त्याच्या आडव्या दांड्या वाऱ्यात शिट्टी मारतात. जॅक, पाने आणि टो चेन जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळा; ट्यूब घट्टही धरते आणि धातूला धातू लागू देत नाही. मागे एक जाड गोधडी पसरून ठेवा. ती आवाज पिते, आणि बाबांना घाटात थंडी वाजली तर पांघरायलाही होते.

सगळं झाल्यावर त्याच रस्त्यावर, तेवढीच हवा भरून, त्याच वेगांना पुन्हा आकडे घ्या. पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिनाइलचे कोपरे उचला आणि हात घालून बघा. ओल लागली तर बाहेर काढून उन्हात टाका, आणि पाणी कुठून आलं ते त्याच दिवशी शोधा.