गिटच्या जुन्या कमिट्समधलं नाव-ईमेल बदलताय? या चुका टाळा

नवा लॅपटॉप मिळाला, रेपो (गिट हे साधन ज्यात कोड आणि त्याचा इतिहास जपून ठेवतं तो साठा) क्लोन केला, म्हणजे त्याची प्रत उतरवली, काम सुरू. चार दिवसांनी लॉग बघावा तर ऑफिसच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्या कमिट्सवर (बदलांच्या नोंदींवर) घरचा जीमेल. कधी तर ईमेलच्या जागी मशिनचंच नाव आणि शेवटी ‘.लोकल’. ईमेल सेट केलेला नसला की गिट युजरनेम आणि मशिनच्या नावावरून स्वतःच एक पत्ता जुळवून टाकतं. मग नेटवर सापडलेली पहिली कमांड डकवायची घाई होते आणि रोगापेक्षा इलाज भयंकर ठरतो.

गरज नसताना इतिहासाला हात लावणं

कमिटचा हॅश (तिची ओळख ठरवणारी अंकाक्षरांची खूण) काढताना फक्त कोड धरला जात नाही. लेखकाचं नाव, ईमेल, वेळ, टाइमझोन आणि आधीच्या कमिटचा हॅश, सगळं त्यात येतं. त्यामुळे ईमेलमधलं एक अक्षर बदललं तरी त्या कमिटचा आणि तिच्यानंतरच्या प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो. दोनशे कमिट्स मागे जाऊन एक नाव दुरुस्त केलंत, तर पुढच्या दोनशेही नव्याने तयार होतात.

म्हणून आधी बघा, अडचण नेमकी काय आहे. गिटहबच्या (गिट रेपो ठेवायची वेबसाइट) प्रोफाइलवर कमिट्स दिसत नाहीत, एवढीच तक्रार असेल तर काहीच बदलायचं नाही. गिटहब माणूस ओळखतं ते ईमेलवरून. जुना ईमेल तुमचाच असेल तर सेटिंग्जमध्ये तो अकाउंटला जोडा आणि व्हेरिफाय करा, जुन्या कमिट्स तुमच्या नावावर येतात. (‘.लोकल’वाला पत्ता मात्र असा जोडता येत नाही.)

टीमच्या आकडेवारीत एकच माणूस तीन नावांनी दिसतोय? रेपोच्या मुळाशी ‘.मेलमॅप’ नावाची फाइल ठेवा. तिच्यात प्रत्येक जुन्या ईमेलसाठी एक ओळ:

बरोबर नाव <बरोबर-ईमेल> <जुना-ईमेल>

शॉर्टलॉग (लेखकवार कमिट्सची यादी) आणि ब्लेम (कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) ही फाइल वाचतात. गिट 2.23 पासून साधा लॉगसुद्धा आपोआप वाचतो. हॅश जागचा हलत नाही. लिनक्स कर्नलसारख्या प्रचंड रेपोतही अशी लांबलचक फाइल आहे. माझ्या मते पुश झालेल्या (सर्व्हरवर पाठवलेल्या), चार लोकांच्या रेपोत बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

कॉन्फिग तसंच ठेवून जुनं निस्तरणं

जुन्या कमिट्स साफ केल्या, पुढची कमिट पुन्हा चुकीच्या ईमेलने. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार. आधी ‘गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन युजर.ईमेल’ चालवा, कोणत्या फाइलमधून ईमेल येतोय ते कळतं. पण एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘गिट_ऑथर_ईमेल’ सेट असेल तर कॉन्फिगला कोणी विचारत नाही. म्हणून खात्री ‘गिट व्हार गिट_ऑथर_आयडेंट’ने करायची.

घर आणि ऑफिस एकाच मशिनवर असेल तर कॉन्फिगमधलं (गिटच्या सेटिंग्जमधलं) ‘इन्क्लूडइफ’ वापरा: ऑफिसच्या फोल्डरखालच्या रेपोंना ऑफिसचा ईमेल. इथे फोल्डरच्या पाथच्या शेवटचा स्लॅश विसरलात तर आतल्या रेपोंना नियम लागूच होत नाही, आणि गिट याबद्दल चकार शब्द काढत नाही. जोडीला ‘युजर.युजकॉन्फिगओन्ली’ ट्रू करा. मग ईमेल सापडला नाही तर गिट अंदाज बांधत बसत नाही, सरळ कमिट अडवतं.

‘--रीसेट-ऑथर’ सरसकट वापरणं

शेवटचीच कमिट आहे आणि पुश झालेली नाही, तर ‘गिट कमिट --अमेंड’ हा सरळ उपाय. पण त्याला ‘--रीसेट-ऑथर’ जोडलं की नाव-ईमेलसोबत लेखनाची तारीखही आजची होते. एका कमिटला चालून जातं. तेच रीबेसच्या (कमिट्स ओळीने नव्याने रचणारी कमांड) ‘--एक्झेक’मध्ये घालून महिन्याभराच्या कमिट्सवर फिरवलंत, तर महिन्याचं काम एका मिनिटात झाल्यासारखं दिसतं. त्याऐवजी ‘--ऑथर="नाव <ईमेल>"’ द्या. मूळ तारीख टिकते.

याहून महागात पडणारी गोष्ट: ती ‘--एक्झेक’ रेंजमधल्या प्रत्येक कमिटवर चालते. मध्ये सहकाऱ्याच्या सहा कमिट्स असतील तर त्याही तुमच्या नावावर. शिवाय ‘--रीबेस-मर्जेस’ दिलं नाही तर मर्ज कमिट्स (दोन शाखा जोडणाऱ्या) गायब होऊन इतिहास सपाट होतो. थोड्याच कमिट्स असतील तर इंटरॲक्टिव्ह रीबेसमध्ये फक्त आपल्या ओळींपुढे ‘एडिट’ लिहिणं बरं.

झाल्यावर ‘गिट लॉग --फॉरमॅट=फुलर’ बघाच. साधा लॉग फक्त ऑथर दाखवतो. कमिटर (कमिट प्रत्यक्ष नोंदवणारा) वेगळा असतो, आणि चुकीचा ईमेल तिथे निवांत बसलेला सापडतो.

फिल्टर-ब्रँच अजूनही वापरणं

नेटवरच्या जुन्या उत्तरांमध्ये अख्खा इतिहास बदलणारी हीच स्क्रिप्ट फिरतेय. ती संथ आहे, आणि 2.24 पासून गिट स्वतःच इशारा देऊन ‘फिल्टर-रेपो’कडे पाठवतं. ‘फिल्टर-रेपो’ वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. वर सांगितलेली मेलमॅप फाइल त्याला ‘--मेलमॅप’ने दिली की ऑथर, कमिटर आणि टॅग (कमिटला दिलेली नावाची खूण) करणारा, तिन्ही ठिकाणी बदल होतो. तारखा तशाच राहतात. ताजा क्लोन नसेल तर ते काम नाकारतं. तिथे ‘--फोर्स’ ठोकू नका, नवा क्लोन घ्या. काम झाल्यावर ‘ओरिजिन’ रिमोट (सर्व्हरवरच्या रेपोचा पत्ता) गायब दिसेल, तो मुद्दाम काढलेला असतो. सही केलेल्या कमिट्सच्या सह्या मात्र जातात, आणि दुसऱ्याची सही तुम्ही परत आणू शकत नाही.

न सांगता फोर्स पुश करणं

बदललेला इतिहास सर्व्हरवर जबरदस्तीने चढवणं म्हणजे फोर्स पुश. ‘--फोर्स-विथ-लीज’ (मधल्या काळात कोणी पुश केलं असेल तर थांबवणारा पर्याय) साध्या फोर्सपेक्षा सुरक्षित खरं, पण एडिटर पाठीमागे आपोआप फेच करत असेल (सर्व्हरवरचे बदल उतरवत असेल) तर ते संरक्षण नावापुरतंच उरतं. 2.30 पासून आलेलं ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ सोबत द्या. रीबेस केला असेल तर टॅग जुन्याच कमिट्सना चिकटलेले असतात, तेही हलवावे लागतात.

खरा घात पुढे होतो. कोणीतरी सवयीने ‘गिट पुल’ करतो, जुना आणि नवा इतिहास मर्ज होतो, तो पुश करतो, आणि प्रत्येक कमिट दोनदा दिसू लागते. म्हणून आधी सगळ्यांना काम पुश करायला सांगा, वेळ ठरवा, आणि नंतर नवा क्लोन घ्यायला लावा.

ईमेल पुसला गेला असं समजणं

खाजगी ईमेल लपवायला हा सगळा खटाटोप केला असेल तर एक लक्षात घ्या: फोर्स पुशनंतरही जुन्या कमिट्स फोर्कमध्ये (इतरांनी गिटहबवर केलेल्या प्रतींत), पुल रिक्वेस्टमध्ये (बदल सामावून घ्यायच्या विनंत्यांत) आणि इतरांच्या क्लोनमध्ये राहतात. हॅश माहीत असेल तर गिटहबवर त्या उघडताही येतात. पुढच्यासाठी गिटहबच्या ईमेल सेटिंग्जमध्ये पत्ता खाजगी ठेवा, तिथे मिळणारा ‘नोरिप्लाय’ पत्ता कॉन्फिगमध्ये टाका, आणि खाजगी ईमेल असलेले पुश अडवण्याचा पर्यायही तिथेच चालू करा.