निबंधात तळटिपा देताना
तळटिपेचा क्रमांक विरामचिन्हानंतर, किंचित वर द्यावा. तो हाताने न टंकता वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ या कळा एकत्र दाबून घातल्यास मधली टीप काढली तरी पुढचे क्रमांक आपोआप सुधारतात. शिकागो या संदर्भ देण्याच्या प्रचलित शैलीत ग्रंथाच्या पहिल्या टिपेत लेखकाचे नाव व आडनाव, तिरप्या अक्षरांत शीर्षक, कंसात प्रकाशक व वर्ष आणि शेवटी पृष्ठक्रमांक येतो. त्याच ग्रंथाच्या पुढच्या टिपांत आडनाव, संक्षिप्त शीर्षक आणि पृष्ठ पुरते. ‘तत्रैव’ (म्हणजे ‘लगेच आधीच्या टिपेतल्याच ग्रंथात’) मात्र शक्यतो टाळावे, कारण मागाहून मध्ये नवी टीप आली, की तोच शब्द भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो आणि वाचकाची वाट चुकते. पृष्ठक्रमांक वाचतानाच टिपून ठेवावा. नंतर तो शोधणे फार जिकिरीचे होते.